टूर्नामेंट पोकर: करिअर की जुगार?

सांगलीचा_मामा: भाच्याने चांगली नोकरी सोडून 'पोकर प्रो' व्हायचं जाहीर केलंय. ताई जेवत नाही. त्याचं दैवत ख्रिस मनीमेकर. टेनेसीतला हा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेची जागा मिळवून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, 2003 च्या पोकर वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शिरला आणि 25 लाख डॉलर जिंकला. अहो, पण त्या वर्षी बसले होते 839 जण आणि बक्षीस मिळालं 63 जणांना. उरलेल्या 776 जणांचे फोटो कोण लावतं भिंतीवर?

इस्पिक_एक्का: मामा, ही लॉटरी नव्हे. स्टू उंगार बघा. तीच मुख्य स्पर्धा 1980, 1981 आणि 1997 ला जिंकला. नशीब एकाच घरी तीनदा मुक्कामाला येतं का? जिन रमीत तर त्याच्यासमोर बसायला कोणी तयार होईना.

खतावणी: उंगारचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं. 1997 ला 10,000 डॉलर प्रवेश फी त्याच्याकडे नव्हती. बिली बॅक्स्टर नावाच्या दुसऱ्या पोकर खेळाडूने भरली आणि 10 लाखांतले अर्धे नेले. पुढच्याच वर्षी लास वेगासच्या मोटेलात मेला, तेव्हा जवळ साधारण 800 डॉलर. कमाईच्या याद्यांत मात्र पूर्ण 10 लाख त्याच्या नावावर. त्यात ना भरलेल्या फिया वजा, ना पैसे लावणाऱ्याचा वाटा. दुकानदाराने गल्ला मोजून नफा सांगावा तसला प्रकार.

इस्पिक_एक्का: त्याला ड्रग्जनी खाल्लं, पत्त्यांनी नाही. आणि वाटा विकणं यात लाज कसली? शेत अर्धेलीने देतातच की.

सांगलीचा_मामा: आम्ही देतो. पण तिथे एक हंगाम गेला तरी जमीन जागेवर असते हो.

मांडवीकाठ: मुळात पोरगा खेळणार कुठे? ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, म्हणजे मनीमेकरचा तो 86 डॉलरचा दरवाजाच इथे उरला नाही. राहिल्या पणजीच्या कॅसिनो बोटी. तिथे जिंकलं की 30 टक्के कर, आणि हरलेलं त्यातून वजा होत नाही.

इस्पिक_एक्का: कराचं मान्य. तो खरंच जाच आहे. मीही त्या बोटीवर एकदा 11 तास बसलोय. शेवटी हातात एक्का-राजा, समोरच्याकडे नव्व्यांची जोडी. म्हणजे नाणेफेकच. सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि गेलो. डीलरबाईंनी मान वर न करता पुढचा डाव वाटायला घेतला. खेळ चुकीचा नव्हता, आजही तसाच खेळेन.

खतावणी: असे किती 'बरोबर' खेळ परवडतात, तेवढं सांगा.

इस्पिक_एक्का: शंभर बाय-इन, म्हणजे शंभर स्पर्धांच्या प्रवेश फियांइतके पैसे, बाजूला ठेवावेत. शिवाय वर्षाचा घरखर्च वेगळा.

सांगलीचा_मामा: हे त्याला वाचून दाखवलं. वही घाल म्हटलं तर म्हणे, मामा, वही कशाला, फोनमध्ये सगळं टिपलंय. पाहिलं. जिंकलेल्याची तारीखवार नोंद आहे. हरलेल्याचा रकाना कोरा.