बीओपीच्या नावानं बोंब मारायची तर आधी अख्खा सीझन बघा

पिटवॉल_पुणे:
नवख्यांसाठी आधी दोन शब्द: डब्ल्यूईसी म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटार शर्यतींचं जागतिक अजिंक्यपद, आणि बीओपी म्हणजे 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स', वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बरोबरीला आणायला वजन-पॉवर ठरवून देणारा नियम. दुसऱ्या एका धाग्यावर 'सहा_सिलिंडर' यांनी परवा ही पिंक टाकली: "डब्ल्यूईसी २०२५ म्हणजे लग्नातलं आहेर-वाटप. पहिल्या चारही शर्यती फेरारीच्या ओटीत. मग बाकीचे रुसले, म्हणून उरलेल्या चार एकेकाला: साओ पाउलो कॅडिलॅकला, ऑस्टिन पोर्शला, फुजी अल्पीनला, बहारीन टोयोटाला. बीओपीच्या तराजूवर दांडी मारणारा वाणी बसलाय." खाली चाळीस जणांचं +१. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलं होतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी कतारपासून बहारीनपर्यंत आठही शर्यती पाहिल्यात. वाण्याचं फेरारीवर इतकं प्रेम होतं, तर ल मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीला, पहिल्या रांगेत दोन्ही कॅडिलॅक कशा? आणि ६ नंबरची पोर्श? पात्रता फेरीनंतर वजनात कमी भरली, वेळा रद्द झाल्या, हायपरकारच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाच्या, पार शेपटाला उभी केली. तिथून निघून २४ तासांनी ती दुसरी आली, पहिल्या गाडीच्या मागे जेमतेम १४ सेकंद! ३८७ फेऱ्या, एक फेरी साडेतेरा किलोमीटरची, आणि फरक १४ सेकंदांचा. हे जर वाण्याचं काम असेल तर त्याला सोनाराच्या पेढीवर बसवा.

बीओपी वजन ठरवतं, पॉवर ठरवतं, एका स्टिंटला (पिटमधून निघून पुन्हा पिटमध्ये येईपर्यंत) किती मेगाज्यूल ऊर्जा जाळायची ते ठरवतं. टायर कधी बदलायचे, पावसात कधी आत यायचं, पहाटे डोळे मिटत असताना जीटी३ वर्गातल्या हळू गाड्यांच्या घोळक्यातून वाट कशी काढायची, हे ठरवत नाही. ऑस्टिनला पाऊस पडला तोही नियम करणाऱ्यांनी पॅरिसहून पत्रक काढून पाडला का?

सहा_सिलिंडर:
वा! माझ्यासाठी स्वतंत्र धागा. आभारी आहे.

साहेब, शेवटचे १४ सेकंद सांगून आधीचे २३ तास झाकू नका. कतारला फेरारी पहिली, दुसरी, तिसरी. इमोलाला फेरारी. स्पाला पहिल्या दोन फेरारी. ल मान्सला फेरारी. आणि मग एकदम साओ पाउलोला कॅडिलॅक पहिली-दुसरी आणि फेरारी शोधून सापडेना. महिन्याभरात इंजिनिअर गाडी चालवायला विसरले?

२०२३ विसरलात वाटतं. शंभरीचं वर्ष, फेरारी ५० वर्षांनी वरच्या वर्गात परतलेली, आणि शर्यतीच्या दहा दिवस आधी टोयोटावर ३७ किलो चढवले. फेरारीवर २४. आणि जिंकलं कोण? १९६५ नंतर पहिल्यांदा फेरारी. टोयोटाचे अध्यक्ष अकिओ टोयोडांनी उघड नाराजी दाखवली. बाकीच्यांना तीही सोय नाही, कारण बीओपीवर जाहीर बोलायला नियमानेच बंदी. निकाल काय लागला ते सांगा, पेपर कसा तपासला ते विचारायचं नाही. याला स्पर्धा म्हणतात?

पिटवॉल_पुणे:
२०२३ ला शेवटच्या दोन तासांत टोयोटाचा ड्रायव्हर हिराकावा आर्नाजच्या वळणावर ब्रेक मारताना फिरला आणि गाडी ठोकली. तेही ३७ किलोंनीच केलं का?

सहा_सिलिंडर:
हो! वजन वाढलं की ब्रेकिंग लांबतं. फिजिक्स नववीला असतं.

खटावकर:
मला यातलं फार कळत नाही, पोरगा बघतो म्हणून मी बघतो. पण आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत आदत बैलाचं मैदान वेगळं, दुसा-चौसाचं वेगळं. दात बघून गट पाडतात, भांडणं तिथेही होतात, वय चोरलं म्हणून. पण एकदा गट पाडला की पळायला मोकळं. मागच्या मैदानात पहिला आला म्हणून कुणी बैलाच्या पाठीवर पोतं टाकत नाही. टाकलं तर पंचाला गावातून जाऊ देणार नाहीत.

सहा_सिलिंडर:
+१०००. विषय संपला.

पिटवॉल_पुणे:
संपला कसा? बैल सगळे बैलच असतात हो. इथे ॲस्टन मार्टिनचं साडेसहा लिटरचं व्ही१२, हायब्रिड नाही. शेजारी फेरारीचं ट्विन टर्बो व्ही६, पुढच्या चाकांना मोटर. तिसरीची चॅसी (सांगाडा) दुसऱ्याच कंपनीकडून विकत घेतलेली. बैल, घोडा आणि उंट एका चाकोरीत पळवायचे तर पोतं टाकावंच लागतं. नाहीतर २०१८ सारखं, टोयोटा विरुद्ध टोयोटा. तेव्हा कोण बघत होतं? मी आणि अजून चार जण.

चाकणचा_फिटर:
बीओपी गेलं खड्ड्यात. २०२५ च्या ल मान्सला खरी लाज कशाची वाटायला हवी ते कुणी बोलतच नाही. ५० नंबरची फेरारी चौथी आली आणि नंतर बाद. का? मागच्या विंगच्या सपोर्टचे बोल्ट जागेवर नव्हते. बोल्ट! करोडोंची गाडी, जगातले नामी मेकॅनिक.

मी एका कारखान्यात (नाव सांगत नाही, अजून तिथलाच डबा खातो) लाइनवर होतो. टॉर्क दिला की बोल्टच्या डोक्यावरून पिवळ्या मार्करची रेघ मारायची, डोक्यापासून पार्टपर्यंत सलग. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हललाय. एकदा सुपरवायझरनं टार्गेट गाठायला सांगितलं, "आधी रेघा मारून ठेव, टॉर्क नंतर देऊ." नंतर कुणी दिला नाही. ऑडिटला सापडलं तेव्हा मेमो कुणाला मिळाला? मला. तेव्हापासून कुठलीही शर्यत बघताना माझी नजर ड्रायव्हरवर नसते, बोल्टवर असते.

मुलसान_माई:
फिटरदादा, तुमचा मुद्दा बरोबर, पण धाग्याशी संबंध काय?

चाकणचा_फिटर:
धाग्यातला बोल्ट पण ढिलाच आहे ताई.

नाईट_शिफ्ट:
मला वेगळीच शंका आहे. पिटवॉल म्हणतात "आठही शर्यती पाहिल्या". ल मान्स शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते ती रविवारी साडेसातला संपते. झोपलात की नाही?

पिटवॉल_पुणे:
मध्ये तीन-चार तास डोळा लागला. त्याचा काय संबंध?

नाईट_शिफ्ट:
मग पाहिली म्हणू नका. वीस तास पाहिली म्हणा. शीर्षकात दुसऱ्यांना "अख्खा सीझन बघा" सांगताय म्हणून विचारलं.

पिटवॉल_पुणे:
अहो, ड्रायव्हरसुद्धा झोपतात! एका गाडीला तिघे असतात ते उगाच का?

सहा_सिलिंडर:
म्हणजे तुमच्या घरीही तीन पाळ्या हव्यात. असो, हायलाइट्सवाले शेवटी हायलाइट्सवालेच.

पिटवॉल_पुणे:
तुमची ती प्रमाणपत्रं वाटायची सवय इथे नको. मी २०१६ पासून रात्री जागतोय. तुम्ही तेव्हा फॉर्म्युला वनच्या पलीकडे काही असतं हे मानायला तयार नव्हता, जुने धागे काढू का?

नियंत्रक:
वैयक्तिक होऊ नका.

रातराणी_ठाणे:
२०२४ ची ल मान्स मी खरोखर अख्खी पाहिली, आणि हौस म्हणून नाही. मुलगी दोन महिन्यांची होती. दर दोन तासांनी उठायचंच, तर फोन आवाज बंद करून उशीला टेकवलेला. रविवारी सकाळी तिकडे पावसानं सगळ्या गाड्या सेफ्टी कारमागे, म्हणजे ओव्हरटेक न करता हळू रांगेत. लेकीला तेल लावलं, मालिश झाली, आंघोळ झाली, धुरी झाली. फोनकडे बघते तर सेफ्टी कार तिथेच. तिला पाजून निजवलं, कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, सेफ्टी कार तिथेच. चार तासांच्या वर! सासूबाई म्हणाल्या, "या गाड्या आहेत की वरात?" पण शेवटी नऊ गाड्या आघाडीच्या फेरीत होत्या. २४ तासांनी नऊ! पूर्वी दुसरी गाडी दोन-दोन फेऱ्या मागे असायची. बीओपीला शिव्या द्या, पण माझ्यासारखीला संध्याकाळपर्यंत जागं त्यानंच ठेवलं.

नाईट_शिफ्ट:
ताईंना साष्टांग. बाकी सगळे झोपाळू.

स्टुटगार्टवासी:
झोपेचंच चाललंय तर माझं ऐका. २०२३ ला मित्रांबरोबर गाडी काढून गेलो होतो. तिथे गेल्यावर कळतं की घरी बसलेल्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. आपल्याला एक वळण दिसतं, बाकी शर्यत कानातल्या रेडिओवर. रात्री ब्रेक डिस्क लालभडक होऊन अंधारात चार निखारे यावेत तशा गाड्या येतात, ते मात्र टीव्हीवर कळत नाही. छातीत आवाज बसतो. मी रात्रभर उभा होतो, पाय सुजले. रविवारी जेवणानंतर जरा आडवा झालो. उठलो तर सगळा तळ ओरडतोय. वर ज्या हिराकावावरून भांडताय ना, त्याची गाडी आर्नाजला फिरली तेव्हा मी आर्नाजजवळच्याच तंबूत घोरत होतो.

आणि जाताजाता, ल मान्स नव्हे. ल माँ. शेवटचा 'स' उच्चारत नाहीत.

चाकणचा_फिटर:
मग तुम्ही स्टुटगार्टऐवजी श्टुटगार्ट का नाही लिहीत?

मुलसान_माई:
😂 माझी पण तक्रार लिहून घ्या. २०२४ पासून एलएमपी२ ला (हायपरकारच्या खालचा वर्ग) सीझनमधून हाकललं, फक्त ल मान्सपुरतं बोलावतात, दिवाळीला माहेरवाशीण बोलवावी तसं. सगळ्यांची गाडी जवळपास एकसारखी, पोत्यांचा प्रश्नच नाही, निव्वळ संघ आणि ड्रायव्हर. सहा_सिलिंडरना जी शुद्ध स्पर्धा हवी होती ती तिथे होती. तेव्हा एकही +१ दिसला नव्हता.

सहा_सिलिंडर:
हे खरं आहे. हे एवढंच खरं आहे.

पण पिटवॉल, तुम्ही पोर्शचं उत्तर दिलं नाहीत. ल मान्सला १९ वेळा जिंकलेली कंपनी विसाव्या विजयासाठी आली, १४ सेकंदांनी हुकली आणि २०२५ संपताच डब्ल्यूईसीतून गाशा गुंडाळला. अमेरिकेतल्या मालिकेत मात्र राहिली. का?

पिटवॉल_पुणे:
पैसा. चीनमधली विक्री बसली. बीओपीला कंटाळून गेली असती तर अमेरिकेत कशी राहिली? तिथेही बीओपीच आहे. आणि १४ सेकंदांनी हरवलं कुणी? कारखान्याच्या लाल गाड्यांनी नव्हे, पिवळ्या ८३ नंबरनं. खासगी गाडी. फेरारीचंच भलं करायचं असतं तर लाल जिंकली असती.

सहा_सिलिंडर:
खासगी! लाल गाड्या एएफ कोर्से नावाचा संघ चालवतो, पिवळीही एएफ कोर्सेच चालवतो. एकाच स्वयंपाकघरातून दोन काउंटर.

बरं, तरीही एक कबूल करतो, आणि पुन्हा विचारू नका. पिवळी जिंकली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. तिचे ड्रायव्हर कुबिका आणि यी यिफेई २०२१ ला त्याच एलएमपी२ मध्ये होते, वर्गात पहिले, आणि शेवटच्या फेरीत गाडी बंद पडली. मी तेव्हा जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन बसलो होतो, पोळी तशीच राहिली. २०११ ला रॅलीत ज्याचा हात जायची वेळ आली होती तो कुबिका २०२५ ला शेवटचे तास एकटा चालवत होता आणि मागे पोर्श. डोळ्यांत पाणी आलं. बीओपी तरीही चोरच.

पिटवॉल_पुणे:
थांबा. म्हणजे तुम्ही २०२१ पण शेवटपर्यंत पाहिली होती? आणि २०२५ पण?

सहा_सिलिंडर:
मग? शिव्या द्यायला बघावं लागतं.

नाईट_शिफ्ट:
झोपलात का मध्ये?

सहा_सिलिंडर:
…दोन तास.

रातराणी_ठाणे:
२०२६ ची ल मान्स: १३ जून, संध्याकाळ. मुलगी आता रात्रभर झोपते, त्यामुळे या वेळी मीही झोपणार आहे. पहाटे काही झालं तर कुणीतरी इथे लिहून ठेवा.

चाकणचा_फिटर:
मी लिहीन. बोल्टचं.