१९६३ ची स्प्लिट विंडो कॉर्वेट बघतोय, यातलं कोणाला कळतं का?

रोहन, नोव्हाय

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेलांच्या गर्दीत भलताच विषय काढतोय, आधीच माफी मागतो. पण मंडळाच्या या मेलिंग लिस्टवरचे निम्मे लोक गाड्यांच्या धंद्यात आयुष्य घालवलेले आहेत म्हणून इथेच विचारतोय.

टोलीडोच्या पुढे एका गावात एक गृहस्थ शेव्हरोलेची १९६३ ची कॉर्वेट स्टिंग रे कूपे (बंद छताची) विकतायत, मागच्या काचेच्या मधोमध पट्टी असलेली, स्प्लिट विंडो. रंग डेटोना ब्लू, चार गिअरचा मॅन्युअल, ३२७ क्युबिक इंचाचं ३०० हॉर्सपॉवर इंजिन. मागतायत १ लाख ३५ हजार डॉलर. जाहिरातीत ठळक अक्षरात "नंबर्स मॅचिंग" (म्हणजे इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, इंजिन मूळचंच) लिहिलंय आणि फोनवर पण तेच चार वेळा सांगितलं. गाडी नवीन होती तेव्हा कूपेची किंमत सव्वाचार हजार डॉलरच्या आसपास होती हे वाचून बायको म्हणाली की तेव्हाच घ्यायची होतीस, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता हा मुद्दा तिला पटला नाही.

प्रश्न दोन. किंमत बरोबर आहे का, आणि गाडीचा इतिहास कसा काढायचा? व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, कारफॅक्स या गाड्यांचा इतिहास देणाऱ्या साइटवर टाकला तर घेतच नाही.

रोहन

---

अण्णा, स्टर्लिंग हाइट्स

रोहन भावा,

कारफॅक्स घेणार नाहीच. सतरा अक्षरांचा नंबर आला १९८१ ला, त्याच्या आधीच्या गाड्यांना प्रत्येक कंपनीचा आपापला नंबर. तुझ्या गाडीचा ३०८३७एस नं सुरू होत असेल, पहिला ३ म्हणजे त्रेसष्ट साल, ३७ म्हणजे कूपे, ६७ असता तर कन्व्हर्टिबल, आणि एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. शेवटचे सहा आकडे म्हणजे सीरियल, तो १००००१ पासून १२१५१३ पर्यंत गेला. म्हणजे त्या साली एकूण २१,५१३ गाड्या, त्यातल्या कूपे १०,५९४. त्या काचेची पट्टी एकच वर्ष राहिली. डिझाइनचा बॉस बिल मिचेल त्या पट्टीच्या प्रेमात आणि इंजिनीअर झोरा आर्कुस-डंटॉव्ह म्हणे मागचं काही दिसत नाही, शेवटी चौसष्टला एकसंध काच आली. आणि मजा बघ, त्या काळात कित्येक मालकांनी पट्टी कापून टाकून चौसष्टची काच बसवून घेतली होती, गाडी नवी दिसावी म्हणून! आता तीच पट्टी परत बसवायला लोक हजारो डॉलर मोजतात. तेव्हा पहिलं काम, मागच्या काचेच्या आतल्या बाजूला मान घालून जोड बघ.

आता "नंबर्स मॅचिंग". हा शब्द ऐकला की खिशावर हात ठेवायचा. नंबर मॅच करणं काय अवघड आहे, हातोडी आणि ठोकायच्या आकड्यांचा सेट घेतला की कोणीपण करतं. प्रश्न असा की ते नंबर कधी ठोकले, १९६३ ला फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात की १९९३ ला कोणाच्या तरी गॅरेजमध्ये.

मी चाळीस वर्षं कास्टिंगमध्ये काढली, सुरुवात कोल्हापूरला शिरोलीच्या फौंड्रीत, मग इकडं. एवढंच सांगतो की ठोकलेला नंबर खोटा असू शकतो, ओतलेली तारीख सहसा खोटी नसते. कारण ती साच्यातच असते, पॅटर्नवर छोटी पट्टी स्क्रूनं लावलेली, रोज सकाळी बदलायची. लोखंडातून उठून आलेली असते. ती पुसून दुसरी करायची म्हणजे घासायला लागतं आणि घासलेलं आंधळ्याला पण हाताला कळतं.

तर दोन जागा बघ. इंजिनच्या पुढं, पॅसेंजर साइडच्या हेडच्या समोर ब्लॉकवर एक सपाट पॅड असतो, बोटभर रुंद. त्याच्यावर एफ म्हणजे फ्लिंट, मग इंजिन जोडल्याची महिना-तारीख चार आकड्यात, मग दोन अक्षरं. तीनशे हॉर्सपॉवर मॅन्युअलला आरडी. शेजारी गाडीचा सीरियल, आधी ३ लावून. आणि दुसरी जागा मागं, बेलहाउसिंग (क्लचवरचं झाकण) जिथं जोडतात त्या कडेवर, पॅसेंजर साइडलाच. तिथं ओतल्याची तारीख, महिन्याचं अक्षर, दिवस, सालाचा शेवटचा आकडा. ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं. दिसायला लई अडचण, दातवाल्याचा आरसा आणि टॉर्च लागतो. दोन्हीचे फोटो मागव. देत नसेल तर फोन ठेव.

पॅडवर अजून एक. कारखान्यात तो पॅड ब्रोच नावाच्या दातेरी हत्यारानं कापलेला, म्हणजे समोरून मागं जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसल्या पाहिजेत, आकड्यांच्या खालनं. गुळगुळीत असेल किंवा गोल गोल ओरखडे असतील तर कोणीतरी मशिनिंग केलंय. आता इंजिन रीबिल्ड करताना डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) घासला तरी त्या रेघा जातात, म्हणून लगेच चोर म्हणू नये. पण मग जास्तीचे पैसे पण मोजू नयेत.

अण्णा

---

वैशाली, अ‍ॅन आर्बर

अण्णांचं सगळं बरोबर, मी पैशाच्या बाजूचं सांगते (मी इन्शुरन्समध्ये आहे, क्लासिक गाड्यांची फाइल रोज टेबलावर असते).

रोहन, मागितलेली किंमत म्हणजे किंमत नाही रे. विकल्याची किंमत बघायची, आणि ती पण बघताना एक गोम असते. लिलावात हातोडा पडतो तो आकडा वेगळा आणि बातमीत छापतात तो वेगळा, कारण बातमीत घेणाऱ्याचं कमिशन धरलेलं असतं. बॅरेट-जॅक्सनच्या स्कॉट्सडेलच्या लिलावात २०१४ ला १९६७ ची एल८८ कॉर्वेट ३८.५ लाख डॉलरला गेली असं सगळीकडे आलं, त्यात हातोडा ३५ लाखाचा आणि वरचे दहा टक्के कमिशन. आणि तशा एल८८ त्या साली वीसच बनल्या होत्या, त्या आकड्याकडे बघून शेजारचा काका आपल्या साध्या सदुसष्टची किंमत वाढवतो हे मी दर वर्षी बघते.

दुसरं, कंडिशन. आम्ही एक ते चार असं धरतो. एक म्हणजे प्रदर्शनातली, पावसात कधीच न गेलेली. दोन म्हणजे जवळून बघितल्यावरच खोट दिसते. तीन म्हणजे चालवायची, छान दिसते पण जपलेली नाही. चार म्हणजे चालते, पण काम काढलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक विकणारा आपली गाडी दोन नंबरची समजतो आणि निघते तीन. दोन आणि तीन नंबरमधलं अंतर तीस-चाळीस हजार डॉलर सहज असतं, त्यामुळे भांडण नंबरावरून कमी आणि यावरून जास्त व्हायला हवं असं माझं मत.

आणि घेतलीस तर पॉलिसी "अ‍ॅग्रीड व्हॅल्यू"ची (आधी ठरलेला आकडा पूर्ण मिळतो) घे, "स्टेटेड व्हॅल्यू"ची नको. नाव सारखं वाटतं पण दुसऱ्यात तू सांगितलेला आकडा आणि त्या दिवशीचा बाजारभाव यातला जो कमी तो देतात. लोकांना हे गाडी जळाल्यावर कळतं.

वैशाली

---

मंडळ मॉडरेटर

मंडळी, वाचायला मजा येतेय पण कृपया गणपतीच्या जेवणाची नावं रविवारपर्यंत कळवा, अजून फक्त ४१ घरांची आलीत. मोदक किती सांगायचे ते ठरत नाहीये. आणि विषय बदलून उत्तर द्या, याच मेलखाली नको.

---

निखिल, मिसिसागा

टोरंटोकडून एक पिंक टाकतो. गाडी नवीन असताना कॅनडात विकलेली असेल तर नशीब समजा, जीएम (शेव्हरोलेची मालक कंपनी) कॅनडाकडे जुन्या गाड्यांचे कागद होते आणि त्यावर कुठले ऑप्शन लागले होते तेही असायचं. अमेरिकेतल्या शेव्हरोलेचं तसं नाही. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मिळतो, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याची नोंद, पाँटियाकवाल्यांना तसाच पीएचएसचा, कॉर्वेटवाल्यांच्या वाट्याला त्यामानाने फार कमी. एनसीआरएस म्हणून त्यांचा क्लब आहे १९७४ पासूनचा, त्यांचा शिपिंग रिपोर्ट मिळाला तर गाडी कधी बनली आणि कुठल्या डीलरला गेली एवढं कळतं. इंजिन कुठलं होतं, रंग कुठला होता ते नाही. सदुसष्टपासून टाकीच्या डोक्यावर चिकटवलेला बिल्ड शीटचा कागद सापडतो कधीकधी, पण त्रेसष्टला तो शोधत टाकी उतरवू नकोस.

आधीचे मालक शोधायला डीएमव्ही (अमेरिकेतलं गाड्यांच्या नोंदणीचं खातं) नाव देणार नाही, १९९४ च्या कायद्यानं बंद केलंय ते. त्यामुळे विकणाऱ्याकडे जुना टायटल (मालकीचा कागद), इन्शुरन्सची कार्डं, तेल बदलल्याची बिलं, काहीही कागद असेल त्याचे फोटो घे. मी माझ्या एकोणसत्तरच्या मस्टँगचा दुसरा मालक ग्लव्हबॉक्सच्या मागे अडकलेल्या टायरच्या बिलावरून शोधला, म्हातारा एवढा खूश झाला की चावीचा दुसरा सेट पोस्टानं पाठवला.

निखिल

---

रोहन, नोव्हाय

आले फोटो. मागितल्यावर दोन दिवस शांत होते, मग आले. अण्णा, तुम्ही म्हणालात तसं लिहून देतो.

व्हीआयएनचा सीरियल १०६ नं सुरू. पॅडवर एफ ०११२ आरडी आणि शेजारी ३१०६ वगैरे, पूर्ण जुळतंय. रेघा आहेत का नाहीत सांगता येत नाही, पॅडवर निळसर रंग मारलाय. मागच्या कडेचा फोटो अंधुक आहे पण अक्षर ई दिसतंय, मग १४, मग ३.

बरोबर आहे ना हे?

---

अण्णा, स्टर्लिंग हाइट्स

रोहन, खुर्चीत बसून वाच.

पॅड सांगतोय इंजिन १२ जानेवारीला जोडलं. ब्लॉक सांगतोय मी १४ मे ला ओतलो. म्हणजे पोराचं बारसं झालं आणि चार महिन्यांनी पोरगं जन्मलं.

आणि साडेएकवीस हजारातली सात हजाराच्या आतली गाडी म्हणजे सीझनच्या पहिल्या तिहाईतली, मे मधला ब्लॉक तिच्यात जायचा प्रश्नच नाही. मूळ इंजिन कधीतरी गेलं, कोणीतरी त्याच सालातला दुसरा ३२७ ब्लॉक आणला, पॅड घासला आणि पाहिजे ते ठोकलं. पुढचं नीट केलं, मागं बघायला विसरला. हे लोक नेहमी मागं बघायला विसरतात, कारण तिकडं हात जात नाही.

आताच्या मालकानं केलं असं म्हणू नकोस. त्याला पण बहुतेक असंच गळ्यात मारलेलं असणार.

---

वैशाली, अ‍ॅन आर्बर

मग आता ही "एनओएम" झाली, नॉन ओरिजिनल मोटर. वाईट गाडी झाली असं नाही, उलट चालवायची असेल तर मनाला ताण कमी. पण किंमत त्याप्रमाणे, म्हणजे मूळ इंजिन नसलेल्या कूपे कितीला विकल्या गेल्या ते बघ आणि तिथून सुरुवात कर. आणि विकणाऱ्याशी बोलताना "खोटं" हा शब्द वापरू नकोस. फोटोवर दोन तारखा गोल करून पाठव, बाकी काही लिहू नकोस.

---

रोहन, नोव्हाय

ताई, तसंच केलं. तीन दिवस उत्तर नाही. मग काल रात्री फोन आला, आवाजच वेगळा होता. १९९८ ला त्यांनी ती घेतली तेव्हा आधीच्या मालकानं पॅडचा हाच फोटो दाखवून जास्तीचे नऊ हजार घेतले होते, आणि सत्तावीस वर्षं ते प्रत्येकाला बॉनेट उघडून तोच पॅड दाखवत आले. मागची तारीख कधी बघितलीच नव्हती. मला काय बोलावं कळेना. मग म्हणाले, तू ये, लिफ्टवर घालून बघ, आकडा मग बोलू. आज सकाळी जाहिरातीतून "नंबर्स मॅचिंग" काढलंय, किंमतपण काढलीये.

---

अण्णा, स्टर्लिंग हाइट्स

जाऊ की मग. माणूस बरा दिसतोय.

पण आता इंजिन सोड, ते बदललेलंच आहे. पिंजरा बघायचा. बॉडी फायबरची म्हणून लोकांना वाटतं गंजणार नाही, आणि आत सगळा स्टीलचा सांगाडा, बर्डकेज म्हणतात त्याला. समोरच्या काचेतनं पाणी झिरपतं आणि खांबाच्या बुडाला साठतं, बाहेरनं काही दिसत नाही. किक पॅनल (पुढच्या सीटच्या पायाशी बाजूची फळी) काढून स्क्रूड्रायव्हरनं टोचायचं, भसकन आत गेला तर मग इंजिनाच्या दुप्पट खर्च. तो गंज मिळाला तर फुकट दिली तरी परत यायचं, आत्ताच सांगून ठेवतो, तिथं गेल्यावर निळ्या रंगाकडं बघून विरघळू नको. दुसरं, पुढच्या फेंडरच्या आतनं हात फिरव. कारखान्याचा फायबर दोन्ही बाजूनं गुळगुळीत, नंतर हातानं बसवलेला आतनं खरबरीत लागतो. तो लागला म्हणजे कधीतरी पुढनं ठोकलेली.

शनिवारी सकाळी सातला निघू. आरसा मी आणतो, तू जुनी चादर घे, गाडीखाली झोपायला लागणार. आणि मॉडरेटर बाई, आमची दोन नावं जेवणाला धरा, पण संध्याकाळच्या पंगतीला.