घरी यायला किती पडतं? ठाणे-नवी मुंबईतून बाहेरदेशी गेलेल्यांनी आपापले अनुभव लिहा

पाचपाखाडीकर, सध्या न्यूजर्सी

सुरुवात मीच करतो. अकरा वर्षं झाली इकडे येऊन. डिसेंबरात बाबांची पंच्याहत्तरी होती, नौपाड्यातला हॉल भावाने मे महिन्यातच धरला होता, जेवणात पुरणपोळी की जिलबी यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन आठवडे युद्ध झालं, आणि शेवटी मी गेलोच नाही. चौघांची तिकिटं काढून रद्द केली.

पैशाचं आधी सांगतो म्हणजे संपवू तो विषय. गल्फमार्गे, डिसेंबरच्या सुट्टीत, चौघांचे साडेसात हजार डॉलर. मावशी म्हणते रुपया नव्वदीपार गेला, तुझी मजा आहे. अगं मावशी, मजा पैसे पाठवणाऱ्याला, तिकीट तर मी डॉलरातच घेतो! पण ते एक वेळ सोसलं असतं. खरी अडचण अशी की माझ्या पासपोर्टवरचा एच-१बीचा, म्हणजे नोकरीचा, व्हिसा संपलाय. इथे राहायला, नोकरी करायला काही अडत नाही, पण एकदा देशाबाहेर पडलो की परत आत यायला नवीन स्टँपिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, लागतं. पूर्वी लोक मेक्सिको, कॅनडाला जाऊन करून यायचे, सप्टेंबर २०२५ पासून तेही गेलं, आता आपल्या देशातच करा. म्हणजे बीकेसीतली अमेरिकन वकिलात. आणि तिथे तारीख मिळाली नाही किंवा कागद अडकले तर पोरांची शाळा, घराचा हप्ता, नोकरी सगळं इकडे आणि मी तिकडे बाबांच्या पलंगाशेजारी. बायको म्हणाली रिस्क नको. बाबा म्हणाले, "नको येऊस, मी काय पळून चाललोय?" असं म्हणाले खरे, पण फोन लगेच आईकडे दिला.

तर तुमचं लिहा. भाडं, व्हिसा, आणि हो, राजकारणही, कारण १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची मतदानं झाली तेव्हापासून ग्रुपवर मी काही लिहिलं की काका म्हणतो तू बोलू नको, तू मत देत नाहीस. काकाचं बरोबर आहे का?

घोडबंदर रिटर्न

भावा, तू आला नाहीस म्हणून रडतोयस, मी आलो म्हणून रडतोय. माझी स्टँपिंगची तारीख २२ डिसेंबर होती. तीन आठवड्यांची सुट्टी, सगळं मापात बसवलेलं. नऊ-दहा तारखेला मेल आला की तुमची मुलाखत पुढे गेली, नवीन तारीख मार्चमधली. कारण काय तर १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ (म्हणजे त्यांच्या घरच्यांचा व्हिसा) वाल्यांची सोशल मीडियाची खाती तपासायला लागले, म्हणून दिवसाला कमी माणसं घेणार. खाती सगळी पब्लिक करून ठेवायची. मी रात्री बसून दहा वर्षांच्या पोस्टी चाळल्या, अमेरिकेबद्दल एक शब्द नाही, सगळ्या कासारवडवलीचे खड्डे आणि मेट्रोच्या खांबांवर. म्हटलं वाचा बाबांनो, तुम्हालाही कळू दे.

आता आईच्या बेडरूममधून काम करतोय, संध्याकाळी सातला लॉगिन, पहाटे तीनला झोप. आईला वाटतं मुलगा घरी आहे, म्हणून दुपारी बाराला पोह्याची डिश घेऊन उठवते. कंपनीने चार आठवडे तिथून काम चालेल म्हणून सांगितलं, पुढे बिनपगारी रजा. तिकडे भाडं चालू, गाडी एअरपोर्टच्या लांबच्या पार्किंगमध्ये पडलीय, तिचं दिवसाचं मीटर चालूच. परतीचं तिकीट दोनदा बदललं, दोन्ही वेळा दंड अधिक फरक. तर घरी यायला किती पडतं याचं माझं उत्तर, अजून बिल आलेलं नाही.

ऐरोली सेक्टर ८

माझा छोटाच किस्सा. पितृपक्षात आलो होतो, आजोबांचं श्राद्ध आणि थोडी कामं. १९ सप्टेंबरला तिकडे संध्याकाळी घोषणा झाली, आपल्याकडे शनिवार उजाडला होता, आणि फोनवर फोन, एच-१बीवर एक लाख डॉलर, रविवारच्या आत परत या नाहीतर आत घेणार नाहीत. कंपनीच्या वकिलाचाही मेल, ताबडतोब निघा. सर्वपित्री दुसऱ्या दिवशी होती. मी बॅग अर्धी भरून ऐरोली पुलावरून मुंबई विमानतळाच्या टी-२ ला पळालो, एका बाजूचं तिकीट दोन लाखाच्या वर पडलं, आणि विमानात बसून मधल्या मुक्कामाला उतरलो तर कळलं की हे नवीन अर्जांना आहे, जुन्यांना नाही. शेजारचा तेलुगू मुलगा हसायलाच लागला, मग मीही. श्राद्ध धाकट्या काकाने केलं. आई आजही म्हणते की कावळा उशिरा शिवला.

उलव्याचा पोरगा, दोहा

एच-१बी वगैरे आमच्या नशिबात नाय, मी कतारमध्ये मेंटेनन्सला. आमच्याकडे वेगळं गणित. वर्षातून एकदा कंपनी तिकीट देते, बाकी आपलं आपण. जून संपला की शाळांना सुट्ट्या लागतात, सगळं गल्फ एकाच वेळी केरळला आणि मुंबईला निघतं, साडेतीन तासांच्या प्रवासाला दोन-तीन पट पैसे. २०२५ ला मी हुशारी करून २४ जूनचं काढलं होतं, त्याच्या आदल्या रात्री इराणने तिथल्या अमेरिकन तळावर मिसाईल टाकली आणि कतारचं आकाशच बंद. आवाज आम्ही रूमवर ऐकला. आईला काय सांगणार, सांगितलं फटाके होते. ती म्हणाली जूनमध्ये कसले फटाके.

पण मला सांगायचंय ते विमानतळाचं. आमच्या आजोबांची भातशेती, मिठागर सगळं सिडकोत गेलं. १९८४ ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळाले, ते आमचे प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांमुळे. २०२१ ला विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून सिडकोवर मोर्चा गेला तेव्हा मी सुट्टीवर होतो, घरचे सगळे गेले, मी पण गेलो. आता विमानतळ झाला, २०२५ च्या ८ ऑक्टोबरला उद्घाटन, २५ डिसेंबरला पहिली विमानं उडाली, घराच्या गच्चीवरून दिसतात. पण सुरुवात देशातल्या देशात. म्हणजे मी जानेवारीत दोह्याहून आलो तर उतरलो अंधेरीला, तिथून टॅक्सी, अटल सेतूवर २५० टोल, आणि दीड तासाने घरी पोचलो तर डोक्यावरून गोव्याचं विमान चाललंय. जमीन आमची, आणि उतरायचं लोकांच्या गावात. दोह्याचं विमान उलव्याला उतरेल त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसून येणार, दुप्पट भाडं दिईन.

वाशीची आजी (नातू टाईप करून देतोय)

मला कोणी राजकारणाचं विचारू नका. मी ८१ वर्षांची आहे. मुलगी डॅलसला, तिच्या दोन्ही बाळंतपणांना गेले होते, सहा-सहा महिने राहिले, डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, सगळं नेलं होतं. माझा व्हिसा संपून दोन वर्षं झाली. यजमानांच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना मुलाखत नसायची, कागद पेटीत टाकले की झालं. आता नियम बदलला म्हणे २०२५ च्या सप्टेंबरपासून, ऐंशीच्या पुढच्यांनाही यायला लागतं. आणि फी पडली १८५ डॉलर, माझ्या काळात एवढ्यात घरातल्या दोघांचे दागिने झाले असते.

गेले. वाशीहून सकाळी साडेपाचला निघालो, टोल नाही आता गाड्यांना हे बरं झालं, २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर काढला, कोणी का काढेना. उन्हात रांग. मराठी बोलणारी बाई मिळाली दुभाषी म्हणून, खिडकीतल्या मुलाने विचारलं कशाला जाताय. म्हटलं नातीला अथर्वशीर्ष शिकवायचं राहिलंय. त्या दुभाषी बाईने काय सांगितलं देव जाणे, तो हसला आणि पासपोर्ट ठेवून घेतला. मिळाला दहा वर्षांचा. मी म्हटलं एवढी वर्षं कोण वापरणार!

वर्तकनगर ते म्युनिक

काकाचा मुद्दा घेतो, म्हणजे मत न देणाऱ्याने बोलावं का. मी भारतीय पासपोर्टवालाच आहे अजून. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०११ पासून मतदार यादीत नाव ठेवता येतं, फॉर्म ६-ए भरायचा, पण मत द्यायला स्वतः बूथवर हजर राहायचं. पोस्टाने नाही, दूतावासात नाही. माझं नाव आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी येणार होतो, भाडं बघितलं, ९०० युरो. एका मताला ऐंशी हजाराच्या आसपास. नाही आलो. इतक्या पैशात आमच्या वॉर्डातला नगरसेवक एक गटार झाकू शकला असता, (झाकलं नसतं हे माहीत आहे).

आता दुसरी गंमत. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालेल म्हणून सांगितलं, पाच वर्षांत अर्ज करता येतो. पण आपल्याकडे चालत नाही, तिकडचा घेतला की इकडचा जमा करायचा. मग ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. ओसीआयवर व्हिसाची कटकट नाही, पण मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर चालते. मुरबाडला बाबांची थोडी जमीन आहे. तर रोज सकाळी एक वाटतं, रात्री एक. लाल, म्हणजे जर्मन, पासपोर्ट असता तर लंडनच्या मित्राकडे उठून जाता आलं असतं, आता प्रत्येक वेळी अर्ज, बँकेचे कागद, फी. पण ज्या दिवशी तो निळा पासपोर्ट भोक पाडून परत देतील त्या दिवशी मी बाबांना फोन करू शकणार नाही, एवढं माहीत आहे.

आईबाबांच्या इकडे यायच्या शेंगेन (युरोपच्या) व्हिसाचं एकदा झालंय, नाकारला, कारण लिहिलेलं की परत जाण्याचा हेतू पटत नाही. माझे बाबा! जे पुण्याला गेले तरी संध्याकाळच्या इंद्रायणीने परत येतात, तलावपाळीची फेरी चुकते म्हणून. ९० युरो माणशी गेले ते गेलेच.

कळव्यातूनच

मी कुठे गेलो नाही, तरी लिहितो. राग मानू नका. तुमच्या काकाचं निम्मं बरोबर आहे. नवी मुंबईत २०१५ नंतर आत्ता निवडणूक झाली, ठाण्यात २०१७ नंतर. एवढी वर्षं नगरसेवक नाही, प्रशासकाचा कारभार, पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं हे आम्ही भोगलं. तेव्हा तुम्ही ग्रुपवर इकडची शिवसेना की तिकडची शिवसेना यावर निबंध लिहीत होता. माझ्या घरात दोन भाऊ दोन बाजूंना आहेत, गणपतीत एकाच ताटात जेवतात, तिसरा सिडनीत आहे तो मात्र दोघांना ब्लॉक करून बसलाय. लांबून राजकारण फार टोकदार दिसतं बहुतेक. पण निम्मंच बरोबर म्हटलं, कारण तुमच्या आईबापाला दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा त्याच रस्त्यावर अडकतात आणि ते बिल तुम्ही भरता. मग बोला की. फक्त ठाण्याची मेट्रो एवढी का रखडली हे मला विचारू नका, २०२५ च्या २२ सप्टेंबरला चाचणी झाली तेव्हा मीही फोटो काढायला गेलो होतो.

पाचपाखाडीकर, सध्या न्यूजर्सी

कळवेकर, लागलं, पण बरोबर लागलं. निबंध मीही लिहिलेत.

आजी, बाबांना तुमचं वाचून दाखवलं व्हिडिओवर. ते आता म्हणतायत की मीच येतो तिकडे, मुलाखतीला काय बोलायचं ते त्या वाशीच्या बाईंना विचार.

घोडबंदर रिटर्न

आजी, एक विचारायचं होतं. माझी तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. आत फोन नेऊ देत नाहीत ना? एकटाच जाणार आहे, ठेवायचा कुठे?

वाशीची आजी (नातू टाईप करून देतोय)

बाहेर रस्त्यापलीकडे टपरीवाले ठेवतात पैसे घेऊन. चिठ्ठी देतात ती जपून ठेव, रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलाची हरवली होती. आणि खाऊन जा, आत फार वेळ लागतो.