मदत हवी आहे: भाचा सहावीत गेलाय, सगळं पाठ करतो पण समजत नाही, कुठला विषय आधी धरू?

अशोकचौक_अत्ता

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची. भावाचा मुलगा यंदा सहावीत गेलाय, मराठी मीडियम. घरी आम्ही तेलुगु बोलतो. भाऊ अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पॉवरलूमवर आहे, त्याच्या पाळ्या असतात आणि वहिनी दिवसभर बिड्या वळते, दोघांनाही पोराला घेऊन बसायला जमत नाही म्हणून संध्याकाळी सातनंतर तासभर तो माझ्याकडे असतो. मी कॉमर्स केलेली, गारमेंटच्या युनिटमध्ये हिशोब बघते, शिकवायचा अनुभव असा काही नाही.

पोरगा आळशी नाही हे आधीच सांगते. उलट फार मेहनती आहे, काही विचारलं की "अत्ता (म्हणजे तेलुगुत आत्या), मी पाठ करालोय की" असं म्हणून परत पुस्तकात डोकं घालतो. पाठाच्या शेवटी जो स्वाध्याय असतो त्याची उत्तरं त्याला धडाधड येतात, कारण शाळेत ती फळ्यावर लिहून देतात आणि चाचणीत तीच विचारतात, त्यामुळे मार्क बरे पडतात आणि सगळे खूष. पण मी जरा प्रश्न फिरवून विचारला की गप्प बसतो आणि रडवेला होतो.

उदाहरण देते. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करावेत हे वाक्य तोंडपाठ, पण 1/2 अधिक 1/3 दिलं की वरचं वर मिळवतो, खालचं खाली, उत्तर 2/5. अक्षवृत्त म्हणजे काय ते सांगतो, पण भारताच्या नकाशात सोलापूर साधारण कुठल्या अक्षवृत्ताजवळ येतं ते दाखव म्हटलं तर बोट कुठेही ठेवतो. विज्ञानात तरफेचे तीन प्रकार पाठ आहेत, टेकू, भार, बल सगळं. समोर त्याची आई तेंदूचं पान कात्रीने कापत बसलेली, मी विचारलं ही कात्री कुठल्या प्रकारची तरफ, तर म्हणाला हे पुस्तकात नाहीये.

पाचवीपर्यंत परिसर अभ्यासाची दोन पुस्तकं होती, त्यात सगळं एकत्र यायचं. आता सामान्य विज्ञान वेगळं, इतिहास-नागरिकशास्त्र वेगळं, भूगोल वेगळा, शिवाय गणित, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि प्रत्येकाची वही वेगळी आणि भाषाही वेगळी वाटते त्याला. एका तासात मी काय काय घेणार? रोज एक विषय असं केलं तर सोमवारचं पुढच्या सोमवारपर्यंत विसरतो.

मला मार्क वाढवायचे उपाय नकोत. सहावी ते आठवी या वर्षांत पोराला प्रत्येक विषयात खरं काय यायला पाहिजे, आणि त्यातलं कुठलं आधी पक्कं केलं की बाकीचं सोपं जाईल, एवढं कोणी अनुभवी माणसाने सांगा. ट्यूशन लावायची ऐपत सध्या नाही. आणि घरी तेलुगु बोलतो म्हणून हे होतंय का, तसं असेल तर घरी मराठी बोलायला लावू का, हेही सांगा.

झेडपीगुरुजी

ताई, तुम्ही विचारलंय ते फार नेमकं आहे. मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत बरीच वर्षं सहावी-सातवीला शिकवतो आणि ही अडचण वर्गातल्या निम्म्या मुलांची असते, मातृभाषा मराठी असलेल्यांचीसुद्धा. त्यामुळे तेलुगु बंद करू नका, अजिबात नको. उलट धडा मराठीत वाचायचा आणि काय कळलं ते तेलुगुत तुम्हाला सांगायचं असं ठेवा. तेलुगुत सांगता आलं तर समजलंय, मग तेच मराठीत दोन-तीन ओळीत स्वतःच्या शब्दात लिहायचं. नुसतं पाठ केलेलं असेल तर तेलुगुत सांगताच येणार नाही, तिथेच तुम्हाला कळेल.

आता आधी काय धरायचं. माझ्या मते दोनच गोष्टी, समजून वाचणं आणि अपूर्णांक. विषय सात दिसतात पण सहावीपासून पुढे जवळजवळ सगळे या दोनवर उभे आहेत.

अपूर्णांक का ते सांगतो. सहावीच्या गणितात पुढे गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक आणि सरळव्याज येतं. हे सगळं अपूर्णांकच आहे, नाव बदलून आलेलं. शेकडा म्हणजे छेद 100. भूगोलात नकाशाचं प्रमाण म्हणजे गुणोत्तर. इतिहासात हडप्पा संस्कृती आहे, तिथल्या भाजक्या विटा लांबी, रुंदी, जाडी 4:2:1 या प्रमाणात असायच्या, आता ज्याला प्रमाण म्हणजे काय ते दिसत नाही त्याच्यासाठी हे नुसते तीन आकडे, पण ज्याला दिसतं तो लगेच विचारतो की सर, मग एवढ्या लांबवरच्या वेगवेगळ्या शहरात एकाच मापाच्या विटा कशा काय, आणि तिथे खरा इतिहास सुरू होतो.

2/5 वाल्या उत्तराला चूक म्हणू नका, त्याच्याकडूनच काढून घ्या. कागदाची एक लांब पट्टी घ्या, सहा सारखे भाग करा. अर्धी रंगवायला सांगा, तीन घरं होतील. मग एक तृतीयांश दुसऱ्या रंगाने, दोन घरं. झाली सहापैकी पाच. आता तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी घेऊन पाच भाग करा, त्यातले दोन रंगवा आणि शेजारी ठेवा. 2/5 हे अर्ध्यापेक्षाही कमी दिसेल. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि ते कमी कसं झालं, हा प्रश्न त्याला स्वतःला पडला पाहिजे, तुम्ही घाई करून सांगू नका. छेद समान करायचे म्हणजे घरं सारख्या मापाची करायची, हे त्यानंतर एका वाक्यात कळतं.

वाचण्याचं थोडक्यात. रोज एक उतारा, कुठल्याही विषयाचा, आणि त्यावर प्रश्न त्याने तयार करायचे, उत्तरं तुम्ही द्यायची. मुलं प्रश्न काढायला लागली की पाठांतर आपोआप कमी होतं. रोज एक विषय हे वेळापत्रक सोडा. तासातली पहिली 20 मिनिटं गणित, रोज, आणि उरलेल्या वेळात जो धडा शाळेत चालू आहे तो.

कात्रीचं तुम्ही एकदम बरोबर विचारलंत. तसंच चालू ठेवा. कात्रीत टेकू मध्ये, अडकित्त्यात भार मध्ये, चिमट्यात बल मध्ये. तिन्ही वस्तू त्याच्या हातात द्या आणि बोट ठेवून दाखवायला सांगा. पुस्तकात नाहीये असं म्हणाला तर पुस्तकाच्या समासात त्यालाच लिहू द्या.

भूगोलवेडा_कुर्डुवाडी

गुरुजींनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त भूगोलाचं बोलतो कारण या विषयावर फार अन्याय होतो. सोलापूर साधारण 17 अंश 40 मिनिटं उत्तर अक्षवृत्तावर आहे, म्हणजे विषुववृत्त आणि कर्कवृत्ताच्या मधे. आता याचा उपयोग काय? उपयोग असा की कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान उभ्या काठीची सावली पडतच नाही, शून्य सावली म्हणतात त्याला. गच्चीवर पाण्याची भरलेली बाटली उभी ठेवा आणि पोराला बघत बसू द्या. ऑगस्टच्या सुरुवातीला परत होतं पण तेव्हा ढग असतात. दिल्लीत हे कधीच होत नाही, का होत नाही ते त्याला नकाशात शोधायला सांगा, कर्कवृत्त तिथेच सापडेल. आणि घड्याळात बारा वाजता न होता एवढा उशीर का, तर आपलं घड्याळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि सोलापूर आहे 76 च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं. अक्षवृत्त, रेखावृत्त, विज्ञानातला प्रकाश आणि छाया, गणितातला गुणाकार, सगळं एका बाटलीत झालं.

नकाशा आधी जगाचा देऊ नका. घर ते शाळा हा रस्ता त्याला काढायला लावा, दिशा आणि खुणांसकट. मग शहराचा, मग उजनीपासून भीमेचा.

आठवीची_आई

ताई, एक कामाची गोष्ट, तुमच्या घरच्या परिस्थितीला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आठवीत एनएमएमएस म्हणून शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असेल तर. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये मिळतात. दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा 90 प्रश्नांचा आणि दुसरा शालेय विषयांचा, त्यातही 90 प्रश्न, विज्ञान आणि समाजशास्त्र 35-35, गणित 20. आणि तिथे स्वाध्यायातले प्रश्न जसेच्या तसे येत नाहीत, फिरवूनच येतात, म्हणजे तुम्ही आत्ता जे करताय तीच तयारी आहे. सातवीलाही चांगले मार्क लागतात फॉर्म भरायला. आत्तापासून पुस्तकांचे गठ्ठे आणू नका मात्र, माझ्या मुलीला सहावीतच दोन गाइड आणून दिली होती नातेवाइकांनी, एकही उघडलं नाही तिने. बालभारतीची पुस्तकं नेटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, चौथी-पाचवीची जुनीही काढून घ्या, कारण कच्चं तिथलंच असतं.

इतिहासाचं सांगायचं तर आठवीच्या पुस्तकात सोलापूरचा सत्याग्रह येतो, 1930 चा, गिरणी कामगारांचा हरताळ, मार्शल लॉ, आणि मग मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. रोज चार हुतात्मा चौकातून जाणाऱ्या पोरांना ही नावं माहीत नसतात याचं मला फार वाईट वाटतं. आठवीची वाट बघू नका. आणि नागरिकशास्त्रात सहावीला स्थानिक शासन आहे, नळाला पाणी कोण सोडतं, रस्त्यावरचा दिवा कोण दुरुस्त करतं, नगरसेवक आणि आयुक्त यांच्यात फरक काय, हे तर जेवताना बोलता बोलता होतं.

अशोकचौक_अत्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पट्टीचा प्रयोग काल केला. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर बराच वेळ बघत राहिला, मग स्वतःच तेलुगुत म्हणाला की हे तर कमी झालं, कमी कसं होईल. मी गुरुजींचं ऐकून काहीच बोलले नाही. त्याने पाच भागांची पट्टी बाजूला सारली आणि सहाच्या पट्टीवरची घरं मोजून 5/6 लिहिलं. नंतर 1/4 अधिक 1/3 दिलं तर किती घरांची पट्टी घ्यायची यावर अडला, पण विचारून विचारून बारावर आला. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

कात्रीवर वहिनीनेच त्याला बोट ठेवून दाखवलं, खिळा इथे म्हणजे टेकू इथे. ती सातवीपर्यंत शिकलीय. बिड्यांच्या हिशोबात तर ती आमच्यापेक्षा पटपट, 25 चं एक बंडल तर हजाराची किती, हे तिने कागद न घेता सांगितलं आणि पोराला उलट विचारलं की 600 झाल्या तर हजाराचा कितवा भाग. तो 3/5 पर्यंत पोचला. आता गणिताची ती 20 मिनिटं वहिनीच घेणार म्हणतेय, पानं कापता कापता.

एकच राहिलं. इंग्रजीचं काय करू? वाचतो पण अर्थ लागत नाही, आणि हिंदीच्या पेपरात मराठी शब्द घालतो.

झेडपीगुरुजी

हिंदीची काळजी सोडा, सोलापुरात गल्लीत हिंदी कानावर पडतेच, वाचन वाढलं की सुधारेल. इंग्रजीला पुस्तकातला एक छोटा संवाद घ्या, तुम्ही एक पात्र, तो दुसरं, मोठ्याने, अर्थ विचारत बसू नका, हावभाव करून म्हणायचं. चार दिवसांनी पात्रं बदला. स्पेलिंग लिहायला लावायचं ते त्यानंतर, त्याच संवादातले शब्द घेऊन. आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा. पुढचं गणित त्यांनाच काढू द्या, लूमवरच्या टॉवेलच्या मापावरून परिमिती आणि क्षेत्रफळ भाऊंकडून घ्या, पाळी नसेल त्या दिवशी.