मदत हवी आहे: बाबांसाठी साधी म्युझिक सिस्टीम, एकाच डब्यातला स्ट्रीमिंग ॲम्प (नेटवरून गाणी ओढून थेट स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) कुठला घ्यावा? (सांगली)

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. लांबड लावतोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. बाबांचा जुना ॲम्प, कॅसेट डेक आणि दोन ट्रंका भरून कॅसेटा त्यात गेल्या. स्पीकर तेवढे वाचले, कारण रंगकाम काढलं होतं म्हणून ते आधीच माळ्यावर टाकले होते. ॲम्प आठवडाभर उन्हात वाळवला आणि दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं झाकण काढून आतला गाळ दाखवला आणि काही न बोलता झाकण परत बसवलं.

तेव्हापासून बाबा (वय ७६) टीव्हीवर यूट्यूब लावून नाट्यसंगीत आणि जुनी ख्यालगायकी ऐकतात. पातळ टीव्हीचे स्पीकर भिंतीकडं तोंड करून बसलेले. ऑर्गन कुठला आणि सारंगी कुठली, कळत नाही. बाबा तक्रार करणाऱ्यातले नाहीत. पण पूर्वी दोन दोन तास मांडी घालून बसायचे ते आता वीस मिनिटांत उठतात आणि "बघू नंतर" म्हणतात. ते मला खटकतं.

आता बसायची खोली पहिल्या मजल्यावर हलवली आहे, साधारण १२ बाय १४. भिंती जुन्या, हातभर जाडीच्या. वायफायचा राउटर खाली. बजेट नव्या स्पीकरसकट ७० हजार, जुने स्पीकर चालले तर उत्तमच. सौभाग्यवतींची अट एकच: वायरींचं जाळं नको आणि डब्यावर डबा नको.

सांगलीत दोन दुकानं फिरलो. "स्टिरिओ ॲम्प आहे का?" विचारलं की होम थिएटरसमोर उभं करतात. एकानं तर "साहेब, ५००० वॉट!" म्हणून टॉवर लावला. खोक्यावर बारीक अक्षरात पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल वॉटचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं. त्यावर त्यानं ढोल-ताशा लावला आणि बाबा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गाणाऱ्याच्या पुढ्यात बसल्यासारखं पाहिजे रे, मांडवात बसल्यासारखं नको."

नेटवर वाचून पुरता गोंधळलोय. विम ॲम्प, यामाहाचा आर-एन ६००ए, ब्लूसाउंड पॉवरनोड, मरँट्झचा मॉडेल एम१, नेम युनिटी ॲटम अशी नावं वाचली. शेवटची तिन्ही बजेटबाहेर, ती फक्त बघून घेतली. पहिल्या दोघांत ठरत नाही. विम ६० वॉटचा आहे, एवढ्यानं भागेल का? जुन्या स्पीकरवर चालेल का? आणि मुख्य म्हणजे बाबांना मोबाईलवरचं ॲप जमणार नाही. जमणार नाही म्हणजे ते उघडणारच नाहीत.

ओहमचा_नियम:

वॉटचं आधी संपवू. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज. घरात एवढ्या आवाजात कुणी गप्पा मारू शकणार नाही. नेहमीच्या ऐकण्याला एक-दोन वॉटसुद्धा लागत नाहीत. बाकीचे वॉट तबल्याच्या थापेसाठी राखीव. ३ डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात, म्हणून ६० चे १२० केले तरी कानाला जेमतेम फरक. विमचा आकडा ८ ओहमला ६० आणि ४ ओहमला १२० असा आहे. १२ बाय १४ ला भरपूर झाला.

पीएमपीओ हा आकडा नाही, ती जाहिरात आहे. पुढं बोलत नाही, माझं बीपी वाढतं.

जुन्या स्पीकरचं: वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेला फोमची रिंग असेल तर ती १५-२० वर्षांत पिठासारखी होते. बोट लावून बघा, भुगा आला तर गेली. पण नुसती रिंग गेली असेल तर स्पीकर टाकू नका, रिंग बदलून मिळते. आवाजाची तपासणी घरीच करा. पेन्सिल सेलची दोन टोकं स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभरच टेकवा. 'टुक' आवाज येऊन कोन (पुढचा पडदा) हलला की कॉईल (त्याला हलवणारी आतली तारेची गुंडाळी) जिवंत आहे. मग तळव्यानं कोन चारी बाजूंनी सारखा, हळू दाबा. आत खरखर लागली तर कॉईल घासतेय, त्यात पैसे घालू नका. ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) वेगळा तपासा, सेल तिथं चालत नाही.

आणि मागं ४, ६, ८ ओहम काय लिहिलंय तेही सांगा.

पेढेवाला_सातारकर:

माझं मत उलटं. एका डब्यात सगळं घेऊ नये. ॲम्प वीस वर्षं चालतो, स्ट्रीमिंगचा भाग पाच-सात वर्षांत म्हातारा होतो. उद्या कंपनीनं ॲप बंद केलं की बसा. साधा ॲम्प घ्या, शेजारी छोटा स्ट्रीमर ठेवा. स्ट्रीमर बिघडला तर तेवढाच बदलायचा. मी साताऱ्यात तसंच केलंय.

कृष्णाकाठ:

@पेढेवाला, पटतंय. पण म्हणजे दोन डबे, दोन रिमोट, मध्ये वायर. आमच्याकडं गृहखात्याची मंजुरी मिळणार नाही. :)

स्पीकर माळ्यावरून काढले. मागं ८ ओहम. रिंगला बोट लावलं तर बोट आरपार गेलं. सेल लावल्यावर मात्र दोन्ही 'टुक' करतात.

वीणा_विश्रामबाग:

दादा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. बाबा यूट्यूब ऐकतात, तेही टीव्हीवर. मग टीव्ही त्या ॲम्पला कसा जोडायचा, हा पहिला प्रश्न. बाकी सगळं नंतर.

हे मी अनुभवानं सांगते, कारण मी चुकले होते. माझ्या सासऱ्यांसाठी फक्त ऑडिओ कास्ट होणारा (वायफायवरून नुसता आवाज घेणारा) डबा आणला. यूट्यूब म्युझिक त्यावर मस्त चालायचं. पण आपलं साधं व्हिडिओवालं यूट्यूब अशा नुसत्या आवाजाच्या डब्यावर कास्टच होत नाही. आणि सासऱ्यांच्या सगळ्या जुन्या मैफिली नेमक्या साध्या यूट्यूबवर, कुणीतरी घरच्या कॅसेटीवरून चढवलेल्या. मग रोज कुणीतरी मोबाईल ब्लूटूथनं जोडून द्यायचं. मध्येच फोन आला की भैरवी थांबून रिंगटोन वाजायची, तीही स्पीकरवर!

म्हणून तुमच्यासाठी एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरनं ॲम्पकडं पाठवायची सोय) हवं. विम ॲम्पला ते आहे. यामाहाच्या आर-एन ६००ए ला नाही. त्यात टीव्ही ऑप्टिकल वायरनं जोडता येतो, आवाज येतो, पण टीव्हीच्या रिमोटनं ॲम्पचा आवाज कमीजास्त होत नाही. दुसरा रिमोट आला. एआरसीनं जोडलं की टीव्ही लावल्यावर ॲम्प आपोआप जागा होतो आणि बाबांच्या हातात त्यांच्या ओळखीचा रिमोट राहतो. त्यांना काही नवीन शिकायलाच नको.

जोडताना एक बघा. टीव्हीच्या मागं एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात, पण एआरसी लिहिलेलं एकच. बहुतेक घरांत तिथं सेट-टॉप बॉक्स खुपसलेला असतो. तो दुसऱ्या भोकात टाका. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एका रिमोटनं दोन्ही उपकरणं चालवायची सोय) चालू करा आणि डिजिटल आवाज 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) वर ठेवा. हे केलं नाही की लोक म्हणतात डबाच खराब निघाला.

ओहमचा_नियम:

वीणाताईंना +१. यामाहाचा बचाव म्हणून एवढंच की त्यात रेडिओचा ट्यूनर आहे आणि रेकॉर्ड प्लेयरसाठी फोनो इनपुट आहे. विमला फोनो नाही. घरात तबकड्या असतील तर विचार बदलेल.

कृष्णाकाठ:

तबकड्या आजोबांच्या होत्या, त्या २००५ च्या पुरात गेल्या. आमच्याकडं नदी दर वेळी एक एक फॉरमॅट नेते.

तंबोरा_मिरज:

उशिरा आलो. मी मिरजेचा, घर सतारमेकरांच्या गल्लीजवळ. वाद्य बनवणारा नाही, पण लहानपणापासून जवारी लावताना बघत आलोय. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तारेखालच्या दोऱ्याची जागा जराशी सरकली तरी तंबोऱ्याचा झंकार उघडतो नाहीतर मिटतो. सिस्टीम तपासायला याच्यासारखी गोष्ट नाही. दुकानात ढोल-ताशा लावू देऊ नका. नुसता तंबोरा लावा, पाच मिनिटं. चार तारा वेगळ्या ऐकू येतात का, आणि खर्ज (खालचा सा) संपायच्या आत पंचम (प) त्यात मिसळतो का, ते बघा. स्वस्त सिस्टीममध्ये तंबोरा म्हणजे नुसती गुणगुण, डास आल्यासारखी.

दुसरं, बाबा जे ऐकतात त्याला हाय-रेस (२४ बिटसारखं, सीडीपेक्षा बारीक तपशिलाचं रेकॉर्डिंग) वगैरेच्या मागं लागू नका. आमच्या खाँसाहेबांच्या, म्हणजे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. १९२५ च्या आसपास मायक्रोफोन आला, त्याआधीची रेकॉर्डिंग तर भोंग्यात तोंड घालून केलेली. त्यात वरच्या फ्रिक्वेन्सीत गाणं थोडं आणि खरखर जास्त. तिथं २४ बिट घालून खरखरच जास्त स्वच्छ ऐकू येईल! अशा वेळी ट्रेबल (आवाजाचा वरचा, तीक्ष्ण भाग) जरा उतरवता आला पाहिजे. महागड्या शुद्धतावादी ॲम्पना कधी कधी टोन कंट्रोलच नसतो. विममध्ये इक्वलायझर आहे. तुम्ही एकदा ॲपवरून लावून द्या, बाबांनी ॲप बघायची गरज नाही.

आणि हो, अति साफ करू नका. खरखर पूर्ण काढली की आवाजातली धारही जाते.

कृष्णाकाठ:

@तंबोरा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "डास" ऐकून पहिल्यांदा हसले. म्हणाले, उरुसाला मिरजेच्या दर्ग्यात रात्रभर बसायचो, तिथं माईक होता तरी तंबोरे ऐकू यायचे.

म्हणजे विम ठरतोय. राहिलेलं विचारतो: वायफाय, लाईट आणि सर्व्हिस.

ओहमचा_नियम:

हातभर जाडीच्या भिंती असतील तर वायफायच्या भरवशावर राहू नका. खालून एक लॅनची वायर वर घ्या, विमला मागं जागा आहे. टीव्हीलाही तीच सोय करा, कारण यूट्यूब टीव्हीच ओढणार. लाईट जाते म्हणून काळजी नको, विमसारखा क्लास-डी (कमी तापणारा) ॲम्प वीज कमी खातो, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालेल. फक्त इन्व्हर्टर साइनवेव्हचा (घरच्या विजेसारखी सलग लाट देणारा) असावा. स्क्वेअरवेव्हवर बरीच उपकरणं गुरगुरतात. राउटरलाही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या, लोक तो विसरतात.

सर्व्हिससाठी पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असलेलाच घ्या. चार पैसे वाचवून बाहेरून मागवलेला डबा बिघडला की कुरिअरनं फिरत बसतो. स्पीकरची वायर साधी तांब्याची, १४ किंवा १६ गेज. लाल-काळं दोन्हीकडं सारखं ठेवा. एका बाजूला उलटं झालं की गायक खोलीच्या मध्ये न बसता भिंतीत गेल्यासारखा वाटतो.

पेढेवाला_सातारकर:

माझा मुद्दा मागं घेतो. स्ट्रीमिंग बंद पडलं तरी एचडीएमआय आणि ऑक्स (साध्या ऑडिओ वायरचं भोक) चालूच राहणार, म्हणजे डबा अगदीच वाया जात नाही. स्पीकर नवे घेणार की रिंग बदलणार?

कृष्णाकाठ:

(महिन्यानंतर)

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. विम ॲम्प पक्क्या बिलानं घेतला. वीतभर चौरस डबा, सौभाग्यवतींनी "एवढाच?" म्हणून पास केला. नवे स्पीकर म्हणून व्हार्फडेल डायमंड १२.१ नक्की करत आणले होते, पण बाबांनी जुनेच ठेवायला लावले. रिंगा बदलून घेतल्या. कोन मध्यभागी बसवायला कारागिरानं दोन दिवस घेतले.

सेट-टॉप बॉक्स अर्थातच एआरसीच्या भोकात होता.

पहिल्या संध्याकाळी तंबोराच लावला. बाबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंचम किंचित उतरलाय, पण तो तंबोऱ्याचाच दोष, तुझ्या डब्याचा नाही." त्यानंतर पावणेदोन तास बसले. मी घड्याळ बघत होतो.

आता एक छोटा प्रश्न उरला. सकाळी सहाला त्यांना विविध भारती लागते आणि त्यासाठी टीव्ही लावणं त्यांना पटत नाही. "रेडिओला चित्र कशाला?" म्हणतात.

वीणा_विश्रामबाग:

विमच्या सोबत जो छोटा रिमोट आला असेल त्यावर प्रीसेटची बटणं आहेत. ॲपमधल्या इंटरनेट रेडिओत विविध भारती शोधा, लावा आणि एक नंबरवर सेव्ह करा. मग त्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या. आमच्याकडं तसंच आहे.

कृष्णाकाठ:

ठिपका दिला. सौभाग्यवतींची बाटली होती, विचारून घेतली.