भट्टीसमोर बर्फाचं जॅकेट: अंग खरंच गार होतं का?

शिरोलीकर:
माझा धाकटा भाऊ फाउंड्रीत भट्टीवर आहे. यंदा उन्हाळ्यात त्यांना गोठवलेले जेल पॅक घातलेली जॅकेटं मिळाली. आधी पाळीवरून आला की तासभर फरशीवर पडून असायचा. आता चहा घेऊन पोरीला सायकलवरून फिरवून आणतो. प्रत्येक भट्टीवाल्याला हे सक्तीने द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पाटणकर:
सक्तीला माझा विरोध. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. १ लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण २४००. सातपट! आणि नेमका तोच घाम जॅकेटाखाली अडतो. कातडीला फार गार लागलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग आतली उष्णता बाहेर यायची वाटही अरुंद होते. मानेला बांधायचे गार पट्टे तर त्याहून घातक. मान गार पडली की माणसाला हुशारी वाटते, तो जास्त वेळ राबतो, आणि आतलं तापमान मात्र चढतच राहतं. या 'बरं वाटण्या'चीच मला भीती वाटते.

शिरोलीकर:
पट्ट्याचं पटलं. पण सातपट कधी, तर घाम वाळला तर! ओतकामाला अंगावर जाड एप्रन असतो. भावाचा बनियन पिळला तर धार लागते. तो घाम ओघळून गेला, त्याने अंग कुठे गार झालं?

दवाखान्यातली ताई:
मी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहे. दादांचं बरोबर आहे. उकाड्यात हृदयाला स्नायूंनाही रक्त पुरवायचं असतं आणि कातडीलाही. कातडी गार झाली की तिकडची ओढ कमी होते, नाडी उतरते. बर्फाऐवजी १५-२० अंशांना वितळणारं द्रव्य भरलेले पॅक मिळतात, ते कातडीला बोचत नाहीत. पण नव्या पोराला पहिल्याच दिवशी जॅकेट चढवून पूर्ण पाळी उभं करणं मला मुळीच मान्य नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. आणि पाणी, सावलीतली सुट्टी? जॅकेट आलं म्हणून ती कापली तर पाटणकर म्हणतात तेच होणार.

पाटणकर:
पॅक वितळल्यावर काय, तेही सांगा. मग ते पाठीवरचं नुसतं ओझं, शिवाय वारा अडवणारं. दादा, भावाला पाळीत पॅक किती वेळा बदलून मिळतात?

शिरोलीकर:
आत्ताच फोन करून विचारलं. एकदाच, जेवणाच्या सुट्टीत. फ्रीजर ऑफिसच्या बाजूला आहे, मधे जाऊ देत नाहीत. उद्या सुपरवायझरशी बोलतो.