अभ्यासक्रम अन् प्रवेश कोणी ठरवायचे, शिकवणाऱ्यांनी की जीआरने?

खडू_डस्टर
सरळ मांडतो, मग हाणा मला. पदवीला कोणत्या निकषावर मुलं घ्यायची आणि त्यांना काय शिकवायचं हे दोन्ही निर्णय शिकवणाऱ्यांनी घ्यायला हवेत, आणि आपल्याकडे दोन्ही हातातून गेलेत. कागदावर झकास आहे सगळं. महाराष्ट्राचा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा उघडा, अभ्यासमंडळ आहे, विद्याशाखा आहे, विद्यापरिषद आहे, एकावर एक मजले चढवलेत. पण पदवीची नवी रचना आली कुठून, तर एप्रिल २०२३ च्या जीआरमधून, मग मार्च २०२४ ला सुधारित जीआर, आणि जून २०२४ पासून सगळ्या संलग्न कॉलेजांना लागू. अभ्यासमंडळात आम्ही बसलो तेव्हा खोके आधीच आखून आलेले: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई (दुसऱ्या शाखेतला पेपर), व्हीएससी अन् एसईसी (कौशल्यं), एईसी (भाषा वगैरे), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहशालेय उपक्रम). पहिल्या वर्षाच्या मुलाला अर्थशास्त्र नेमकं किती यायला पाहिजे यावर जेमतेम चर्चा, बाकी सगळा वेळ हा पेपर कुठल्या खोक्यात बसवायचा अन् क्रेडिट दोन का चार यातच गेला. आमचं काम काय उरलं, रिकाम्या जागा भरा!

प्रवेशाचं तर बोलूच नका. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, बीबीए, बीसीए, बीएमएस हे व्यवस्थापन अन् संगणकाचे कोर्स आपल्या छत्राखाली घेतले, लगेच राज्याने सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा लावली. लाखाच्या वर जागा आणि पहिल्या परीक्षेला बसलेली मुलं त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत, कारण बारावीच्या कित्येक मुलांना अशी काही परीक्षा आहे हेच ठाऊक नव्हतं. मग ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घेतली. तरी जागा रिकाम्या राहिल्या आणि बऱ्याच कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून बीकॉमच्या पोटात तोच कोर्स चालू ठेवला. वर्गात शिकवणाऱ्या एकाला जरी आधी विचारलं असतं तर हे टळलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मागचा_बाक
सर, आदर ठेवून विचारतो, जीआर यायच्या आधी अभ्यासक्रम तुमच्याच हातात होता ना? मग तेव्हा काय दिवे लावले? बाहेर जग कुठल्या कुठे गेलं तरी आम्ही लॅबमध्ये टर्बो सी या जुनाट सॉफ्टवेअरच्या त्या निळ्या स्क्रीनवर बसलो होतो, ते काय मंत्रालयाने सांगितलं होतं? सिलॅबस 'रिवाइज' व्हायचा म्हणजे युनिट तीन युनिट चार व्हायचं. आणि नवीन सिलॅबस लागला की महिन्याभरात दुकानात पुस्तक हजर, लेखकांची नावं वाचा आणि मंडळातल्या सदस्यांची नावं वाचा, मी पुढे काही बोलत नाही.

खडू_डस्टर
@मागचा_बाक, पुस्तकांचं खरंय, तो धंदा चालतो आणि मला त्याची लाज वाटते. पण मग सदस्याला स्वतःच्या सिलॅबसवर पुस्तक काढायला बंदी घाला की. त्यासाठी मंडळाचा अधिकारच काढून घ्यायचं काय कारण? आणि हेही बघा की मंडळात निवडून आलेल्यांपेक्षा कुलगुरूंनी नेमलेले जास्त असतात, विद्याशाखेचा प्रमुख, म्हणजे अधिष्ठातासुद्धा नेमलेलाच. याला तुम्ही शिक्षकांच्या हातातला कारभार म्हणताय?

ठाण्याची_आई
मला अभ्यासक्रमातलं कळत नाही पण प्रवेशाबद्दल बोलते. माझ्या मुलीने त्याच वर्षी तो बीएमएसचा गोंधळ भोगलाय, फॉर्म भरा, परीक्षा द्या, याद्यांची वाट बघा, तोवर साध्या बीकॉमच्या चांगल्या जागा भरून गेल्या. तरीसुद्धा मी सीईटीच्याच बाजूने आहे, हसू नका. कारण "कॉलेजच्या हातात" म्हणजे तुमच्या हातात नसतं हो सर, ते संस्थाचालकांच्या हातात असतं. ८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजं निघाली आणि कॅपिटेशन फीचा असा बाजार मांडला की ८७ मध्ये बंदीचा कायदा करावा लागला. कायदा झाला म्हणून थांबलं का? ऑफिसात कोणाला भेटायचं, किती पाकिटं, हे ऐकतच मोठ्या झालो आम्ही. मार्क आणि यादी, बाकी कोणाच्या मर्जीवर माझ्या पोरीचं काही नको.

पुणेरी_तिरका
नाव बदलून बीकॉम करणारी कॉलेजं पण शिक्षकच चालवतात बरं का. नियम वाकवायला एका रात्रीत अभ्यासमंडळं जागी होतात, एरवी कोरम भरत नाही.

फ्रीमाँटकर
इकडचं सांगतो, कारण शिक्षकांच्या हातात खरोखर कारभार दिला तर काय होतं याचं उदाहरण इथेच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियामध्ये १९१९-२० साली प्राध्यापकांनी बंड केलं, त्यानंतर विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे वरच्या नियामक मंडळाने, प्रवेशाच्या अटी आणि अभ्यासक्रम हे दोन्ही अकॅडमिक सेनेटकडे दिले. ही सेनेट म्हणजे आपल्यासारखी पदवीधर-संस्थाचालक-आमदार अशी खिचडी नाही, फक्त प्राध्यापक. तिची बोअर्स नावाची समिती प्रवेशाचे निकष ठरवते, शाळेत कुठले विषय झालेले हवेत, गणित किती हवं, सगळं.

आता गंमत ऐका. २०२० मध्ये एसएटी ही प्रवेशासाठीची चाचणी परीक्षा ठेवायची की काढायची हा वाद पेटला. सेनेटच्या समितीने आकडे तपासून सांगितलं की सध्या तरी ठेवा, ज्या पद्धतीने यूसी हे गुण वापरते त्यात काही मागास गटांतल्या मुलांना उलट फायदाच होतोय. सेनेटच्या सभेत ५१ विरुद्ध ० मतांनी पाठिंबा. आणि मे महिन्यात रीजंट्सनी २३ विरुद्ध ० मतांनी एसएटी काढायचं ठरवलं! शंभर वर्षांची परंपरा, पण शेवटचा शब्द वरच्यांचाच. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगो कॅम्पसच्या अहवालात निघालं की नव्या मुलांपैकी साधारण आठातल्या एकाचं गणित हायस्कूलच्या पातळीच्याही खाली आहे. म्हणजे वर्गात निस्तरायचं कोणी, तर ज्यांचं ऐकलं नाही त्यांनीच. माझा मुद्दा एवढाच.

सांख्यिकी_सखी
@फ्रीमाँटकर, शेवटची उडी जास्त लांब गेली. त्या अहवालात एकट्या एसएटीवर खापर नाहीये. कोविडमध्ये शाळा बंद, शाळांमधून गुणांची खिरापत, कमी साधनं असलेल्या शाळांतून जास्त मुलं घेणं, हेही त्यात आहे. एसएटी असती तर हे झालंच नसतं असं म्हणायला मला आधार दिसत नाही. आणि रीजंट्सच्या बाजूनेही बोलायला हवं कोणीतरी: ते सार्वजनिक विद्यापीठ आहे, करदात्यांचं. कोणाला दार उघडायचं हा निव्वळ शैक्षणिक प्रश्न नसतो. उद्या आपल्याकडे एखादी विद्यापरिषद म्हणाली की आरक्षणाने दर्जा घसरतो म्हणून आम्ही निकष बदलतो, तर "शिक्षकांचा अधिकार" म्हणून टाळ्या वाजवणार का? जेएनयूत तर लेखी आणि तोंडी परीक्षेच्या गुणांत सामाजिक गटांप्रमाणे सातत्याने फरक पडतो हे तिथल्याच समितीने २०१६ मध्ये दाखवून तोंडीचं वजन ३० वरून १५ करा म्हटलं होतं. ते तोंडीचे गुण कोण देत होतं? प्राध्यापकच.

खडू_डस्टर
@सांख्यिकी_सखी, आरक्षण हा घटनेचा आणि कायद्याचा विषय, तिथे आम्हाला हात लावायचाच नाही, लावूही देऊ नये. मी म्हणतोय ते यादी लावण्याबद्दलही नाही, ठाण्याच्या ताई घाबरल्यात तसं पाकीट घेऊन खिडकीत बसण्याबद्दल तर नाहीच. यादी संगणकाने लावा, सीईटी सेलने लावा, माझी काही हरकत नाही. पण बीएमएसला परीक्षा हवी का, त्यात काय विचारायचं, बारावीला गणित नसलेला मुलगा बीसीएला चालेल का, चालला तर पहिल्या सत्रात त्याच्यासाठी वेगळा वर्ग लागेल का, हे आम्हाला विचाराल की नाही? जेएनयूचा दाखला मान्य आहे, पण तो तोंडीविरुद्धचा दाखला आहे.

जुना_अधिसभावाला
दोन गोष्टी विसरताय सगळे. २०१० साली मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी बीएच्या अभ्यासक्रमातून काढली, शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने तक्रार केली आणि कुलगुरूंनी तातडीचा अधिकार वापरून उडवली. प्रकरण विद्यापरिषदेत चर्चेला येऊन मग निर्णय, असला काही प्रकारच नाही. म्हणजे खडू_डस्टर बरोबर. पण पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांचा रामायणांवरचा निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून गेला, तो कोणी काढला? विद्यापरिषदेने, ठरावाने, आणि तेही चार तज्ज्ञांच्या समितीत तीन जण ठेवा म्हणत असताना. तिथे वरून हुकूम यायचीही गरज पडली नाही, आपल्याच लोकांनी हात वर केले. म्हणून मला हा "शिक्षक विरुद्ध सरकार" असा सरळ सामना वाटतच नाही. तिथे बसलेल्या माणसाला पुढच्या बढतीची, समितीची, परदेश दौऱ्याची काळजी असली की अधिकार असून नसून सारखाच.

तासिकावाला
इतका वेळ वाचत होतो. शिक्षक शिक्षक म्हणताय ते नक्की कोण? आमच्या विभागात एक कायम मॅडम आणि बाकी आम्ही सगळे सीएचबी, म्हणजे तासाच्या पैशांवर शिकवणारे. नवीन रचनेतले आयकेएस अन् व्हीईसीचे पेपर कोण शिकवतं, आम्ही, कारण कायमवाल्यांना मेजरचा वर्कलोड पुरवायचा असतो. दोन क्रेडिटचा पेपर, नोट्स नाहीत, पुस्तक नाही, जूनमध्ये वर्ग सुरू झाले तरी आमची नेमणूक नाही, तिचं पत्र यायलाच ऑगस्ट उजाडतो आणि सुट्टीचे पैसे नाहीत. अभ्यासमंडळाच्या मतदानात आम्ही नाही, विद्यापरिषदेत नाही. वर्गात मुलांसमोर सगळ्यात जास्त वेळ उभा राहणारा माणूस तुमच्या 'कारभारात' कुठेच नाही.

आणि अजून एक, मायनर अन् ओईच्या याद्या बघा. मुलांना काय हवंय म्हणून ठरतात असं वाटतं का कोणाला? कुठल्या सरांचे तास कमी पडतायत यावर ठरतात. सायन्सच्या पोराला ओई म्हणून कॉमर्सचा तोच पेपर, कारण तिथे तास भरायचेत. हा निर्णय शिक्षकांनीच घेतलाय.

मागचा_बाक
तासिकावाला सरांना माझ्याकडून वडापाव.

खडू_डस्टर
@तासिकावाला, वर्कलोडचं राजकारण मी नाकारत नाही. पण ते का होतं? वर्षानुवर्षं भरती नाही, तास कमी पडले की पदच जाईल ही भीती. भरती रोखून धरली कोणी? सरकारने. मग पुन्हा त्याच सरकारकडे अभ्यासक्रम सोपवायचा म्हणजे कमाल झाली. मी तर म्हणतो मंडळाचं इतिवृत्त, कोणी काय मत दिलं यासकट, आठवड्याच्या आत वेबसाइटवर टाका. मी सही करायला तयार आहे.

पुणेरी_तिरका
वेबसाइट चालू असेल त्या आठवड्यात टाका.

ठाण्याची_आई
इतिवृत्ताबरोबर पुढच्या वर्षी कुठली परीक्षा आहे तेही अकरावीतच सांगा म्हणजे झालं. निकष कोणीही ठरवा पण मधेच बदलू नका, आमच्या मुलांचं वर्ष जातं.

तासिकावाला
@खडू_डस्टर, इतिवृत्त ठीक आहे. पण सीएचबीवाल्याला अभ्यासमंडळात मत, यावर तुमच्या संघटनेचं काय म्हणणं?

खडू_डस्टर
त्याला कायदा बदलावा लागेल. तत्त्वतः माझा पाठिंबा आहे, संघटनेत विषय काढायला हवा.

तासिकावाला
काढा मग. त्यासाठी मोर्चा निघाला तर आम्ही पहिल्या रांगेत येऊ. सीईटीविरुद्धच्या मोर्चाला मात्र नाही येणार, त्या दिवशी तास बुडाला की पैसे कापतात.